पॉलिसी डिबेटचा निकाल कसा द्यावा: एका परीक्षकाची पद्धत

अमेरिकेतील शालेय पॉलिसी डिबेट स्पर्धांमध्ये, म्हणजे धोरणविषयक ठरावावर दोन संघांत होणाऱ्या वादस्पर्धांमध्ये, भाग घेणाऱ्या शाळेला आपल्या संघांच्या संख्येच्या प्रमाणात परीक्षकही पुरवावे लागतात. त्यामुळे परीक्षकाच्या खुर्चीवर माजी वादपटूंच्या बरोबरीने, या प्रकारचा वाद आयुष्यात कधीही न ऐकलेले पालकही बसतात. चार विद्यार्थी श्वास न घेता बोलत असल्यासारखे भासते, कागदांवर कागद पालटले जातात, आणि दीड तासाने तुमच्याकडून एका संघाच्या नावावर खूण करण्याची अपेक्षा असते. हे मार्गदर्शन मुख्यतः अशा नव्या परीक्षकांसाठी लिहिले आहे. परंतु आपल्या भाषणाकडे परीक्षक नेमके कसे पाहतो, हे जाणून घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनाही ते उपयोगी पडावे. यात नियम थोडे आहेत आणि माझी मते बरीच आहेत, कारण पॉलिसी डिबेटमध्ये लिखित नियम मुळातच कमी असतात आणि उरलेले सारे परीक्षकाच्या विवेकावर सोडलेले असते.

माझ्या पद्धतीचा गाभा असा: निकाल त्या खोलीत उच्चारल्या गेलेल्या युक्तिवादांवरच द्यावा आणि कोणत्याही संघाचे अपुरे राहिलेले काम परीक्षकाने स्वतःच्या डोक्यात पूर्ण करू नये. ऐकायला हे सोपे वाटते, पण प्रत्यक्षात याइतके अवघड दुसरे काही नाही. परीक्षक म्हणून पहिल्या वर्षी मी एका संघाला एका तर्काच्या बळावर विजयी ठरवले, आणि हरलेल्या मुलीने शांतपणे विचारले, "हा मुद्दा त्यांनी कोणत्या भाषणात मांडला?" मी माझी टिपणे दोनदा वाचली. तो मुद्दा त्यांनी मांडलेलाच नव्हता. त्यांच्या दोन विधानांना जोडणारा दुवा माझ्या मनाने तयार केला होता. निकाल नोंदवून झाला होता आणि तो बदलता येत नव्हता. तेव्हापासून निकाल लिहिताना प्रत्येक वाक्यासमोर ते कोणत्या भाषणातून आले, हे मी लिहून ठेवते.

फेरीची रचना आणि वेळेचे गणित

प्रत्येक बाजूला दोन वक्ते असतात. अनुकूल संघ वर्षभरासाठी ठरलेल्या ठरावाच्या चौकटीत एक योजना मांडतो आणि प्रतिकूल संघ ती योजना स्वीकारू नये असे दाखवतो. प्रत्येक वक्त्याचे एक मांडणीचे आणि एक उत्तराचे, अशी एकूण आठ भाषणे होतात. शालेय स्तरावर मांडणीचे भाषण ८ मिनिटांचे, उत्तराचे ५ मिनिटांचे आणि मांडणीच्या प्रत्येक भाषणानंतरची उलटतपासणी ३ मिनिटांची असते; महाविद्यालयीन स्तरावर ही भाषणे अनुक्रमे ९ आणि ६ मिनिटांची होतात. तयारीचा वेळ याखेरीज दिलेला असतो आणि तो स्पर्धेगणिक बदलतो, म्हणून फेरी सुरू होण्यापूर्वी आयोजकांकडून त्याची खात्री करून घ्यावी.

अनुकूल संघ प्रथम बोलतो आणि शेवटीही बोलतो. त्याची भरपाई म्हणून मध्यभागी प्रतिकूल संघाची दोन भाषणे लागोपाठ येतात, ज्यांना मिळून 'ब्लॉक' म्हणतात. शालेय फेरीत ब्लॉकची एकूण १३ मिनिटे होतात आणि त्या सर्वाला उत्तर देण्यासाठी अनुकूल संघाच्या पहिल्या उत्तरभाषणाला, म्हणजे वन-ए-आरला, केवळ ५ मिनिटे मिळतात. हे असंतुलन परीक्षकाने सतत ध्यानात ठेवावे. वन-ए-आरमधील युक्तिवाद संक्षिप्त असला तरी मी तो पूर्ण मानते, मात्र त्यात कारणाचा एक तरी शब्द असला पाहिजे. त्याच न्यायाने अनुकूल संघाच्या शेवटच्या भाषणात, टू-ए-आरमध्ये, एखादा मुद्दा पहिल्यांदाच आला तर मी तो खोडून टाकते, मग तो कितीही पटण्यासारखा असो, कारण त्यानंतर प्रतिकूल संघाला बोलण्याची संधीच उरत नाही. शेवटच्या भाषणातील प्रत्येक महत्त्वाच्या वाक्यापासून मागे रेघ ओढता आली पाहिजे. ती वन-ए-आरपर्यंत पोहोचली नाही, तर ते वाक्य निकालात येत नाही.

आपली भूमिका आधी लिहून ठेवणे

प्रत्येक परीक्षकाने 'पॅराडाइम' नावाचे निवेदन आधीच लिहून जाहीर करावे, अशी प्रथा आहे. मोठ्या स्पर्धांत संघ हे वाचून परीक्षकांना पसंतीक्रम देतात, तर लहान स्पर्धांत फेरीच्या दहा मिनिटे आधी ते मोबाइलवर वाचून आपली व्यूहरचना बदलतात. म्हणून हे निवेदन एक प्रकारचे वचन असते आणि त्यात सुंदर वाक्यांपेक्षा खरेपणा हवा. मी कोरी पाटी घेऊन बसते, असे पुष्कळजण लिहितात. मला ते धाडसाचे वाटते, कारण पाटी कोणाचीच पूर्ण कोरी नसते आणि आपला कल लपवणाऱ्या परीक्षकापेक्षा तो सांगून टाकणारा परीक्षक अधिक न्यायी असतो.

नव्या परीक्षकाने किमान तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात: आपण किती फेऱ्यांचे परीक्षण केले आहे, किती वेगाचे बोलणे आपल्याला टिपून घेता येते, आणि वर्षाच्या विषयाची आपल्याला कितपत माहिती आहे. "वेगाने बोललेले मला समजत नाही" असे लिहिण्यात कमीपणा नाही. ते न लिहिता फेरीत बसणे आणि नंतर न समजलेल्या संघाला हरवणे, हा मात्र अन्याय आहे.

फ्लो: टिपणे कशी घ्यावीत

या वादात टिपणांना 'फ्लो' म्हणतात आणि निकालाची सारी भिस्त त्यावर असते. अनुकूल संघाच्या मूळ मांडणीसाठी एक कागद आणि प्रतिकूल संघाच्या प्रत्येक स्वतंत्र आक्षेपासाठी वेगळा कागद घ्यावा. कागद आडवा धरून उभे रकाने पाडावेत. ब्लॉकमधील दोन्ही भाषणे सहसा विषय वाटून घेतात, म्हणून त्यांना मिळून एकच रकाना पुरतो. त्या हिशेबाने मूळ मांडणीच्या कागदावर सात रकाने होतात आणि आक्षेपांच्या कागदांवर सहा, कारण आक्षेपांची सुरुवात प्रतिकूल संघाच्या पहिल्या भाषणात होते. दोन बाजूंसाठी दोन रंगांची शाई वापरावी आणि प्रत्येक उत्तर ज्या मुद्द्याला आहे त्याच्या समोर लिहावे, म्हणजे कोणता मुद्दा अनुत्तरित राहिला हे रिकाम्या जागेवरून लगेच दिसते.

वेगाविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण नवा परीक्षक सर्वप्रथम यालाच घाबरतो. साधे संभाषण मिनिटाला सुमारे १५० शब्दांच्या आसपास चालते, तर अनुभवी वादपटू पुरावा वाचताना ३०० शब्दांच्याही पुढे जातात. या शैलीला 'स्प्रेडिंग' म्हणतात. वेगाला माझा विरोध नाही. त्यामुळे थोड्या वेळात अधिक पुरावा तपासला जातो. मात्र उच्चार अस्पष्ट झाला की मी मोठ्याने "क्लिअर" म्हणते. दोनदा म्हणूनही सुधारणा झाली नाही, तर मी लेखणी खाली ठेवते, आणि वक्त्याला ते दिसेल अशी ठेवते. पुराव्याचा मजकूर वेगाने वाचला तरी चालेल, पण मुद्द्याचे शीर्षक, लेखकाचे नाव आणि एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर जातानाचा क्षण येथे गती कमी झाली पाहिजे.

हल्ली संघ आपली भाषणे दस्तऐवजाच्या रूपाने एकमेकांना आणि परीक्षकाला आधीच पाठवतात. तो दस्तऐवज समोर उघडून त्यावरून टिपणे घेऊ नयेत, हा माझा आग्रह आहे. तसे केल्यास जे बोललेच गेले नाही तेही आपल्या कागदावर उतरते आणि आपण भाषणाऐवजी फाइलचे परीक्षण करू लागतो.

युक्तिवाद आणि पुरावा

विधान, त्याचे कारण आणि जेथे आवश्यक तेथे पुरावा, असे तिन्ही मिळून युक्तिवाद होतो. प्रतिपक्षाने उत्तर दिले नाही तर मुद्दा मान्य झाला असे समजतात, आणि ते योग्यच आहे. पण मान्य होते ते जेवढे बोलले गेले तेवढेच. "या योजनेने अर्थव्यवस्था कोसळेल" एवढेच वाक्य अनुत्तरित राहिले, तर ते कारणाविना केलेले विधान म्हणूनच अनुत्तरित राहते. "त्यांनी हे सोडले" असे ओरडून सांगणाऱ्या संघाने त्यापुढचे वाक्यही बोलावे: ते सोडल्यामुळे निकालावर काय परिणाम होतो?

छापील लेखातून घेतलेल्या उताऱ्याला 'कार्ड' म्हणतात. त्याला संघाने दिलेले शीर्षक आणि आतील मजकूर यांत पुष्कळदा अंतर असते. शीर्षक म्हणते "युद्ध अटळ आहे", आणि लेखक म्हणतो "तणाव वाढण्याची शक्यता नाकारता येत नाही". प्रतिपक्षाने हे अंतर दाखवून दिले, तर माझ्यासाठी ते नव्या पुराव्याइतकेच मोलाचे आहे. फेरीनंतर मी कार्डे मागवून वाचते ती फक्त तेव्हा, जेव्हा त्या कार्डात काय म्हटले आहे यावरच दोन्ही संघांचा वाद असतो. सगळी कार्डे वाचून कोणाचा पुरावा चांगला हे ठरवायला बसले, तर वादपटूंनी केलेली तुलना वाया जाते. न वाचलेला मजकूर वाचल्याचे भासवणे किंवा लेखकाचे वाक्य मधूनच तोडून अर्थ उलटा करणे, हा मात्र प्रामाणिकपणाचा प्रश्न आहे. असा आरोप झाला तर फेरी थांबवून स्पर्धेचा नियम पाहावा आणि तो आरोप इतर मुद्द्यांच्या बरोबरीने तोलत बसू नये.

हानी, पर्यायी योजना आणि त्यांची तुलना

प्रतिकूल संघाचा सर्वांत परिचित युक्तिवाद म्हणजे 'डिसअ‍ॅड', अर्थात योजनेमुळे होणारी हानी. त्याची साखळी ठरलेली असते: ती हानी आज होत नाही, योजनेमुळे तिची सुरुवात होते, मधले टप्पे पार पडतात आणि शेवटी मोठे नुकसान होते. २०२३-२४ चा शालेय ठराव आर्थिक विषमता कमी करण्याविषयी होता आणि त्यात केंद्रशासनाची रोजगार हमी हा एक मार्ग होता. समजा, अनुकूल संघाने ती हमी मांडली आणि प्रतिकूल संघ म्हणाला की या खर्चाने महागाई वाढेल, मध्यवर्ती बँक व्याजदर वाढवील आणि मंदी येईल. अनुकूल संघ दोन प्रकारे बाण उलटवू शकतो. योजनेमुळे महागाई कमीच होईल, असे त्याला म्हणता येते. किंवा महागाई वाढणे हितकारक आहे, कारण कर्जदारांचे ओझे हलके होते, असेही म्हणता येते. यांपैकी एकच निवडावे लागते. दोन्ही म्हटले, तर अर्थ असा होतो की ही योजना एका हितकारक गोष्टीलाच आळा घालते. सावध प्रतिकूल संघ ही दोन्ही उत्तरे मान्य करतो आणि त्या कागदावर जिंकतो. नव्या परीक्षकाने अशी जागा टिपून ठेवावी, पण प्रतिकूल संघाने ती बोलून दाखवेपर्यंत तिचा उपयोग करू नये.

शेवटच्या भाषणांत नुकसानांची तुलना होते आणि ती व्याप्ती, संभाव्यता व कालावधी या तीन अंगांनी करतात. येथे माझा कल उघड सांगते. मानवजातीच्या विनाशापर्यंत नेणाऱ्या साखळ्या या वादात फार लोकप्रिय आहेत, आणि विनाशाची एक टक्का शक्यतासुद्धा इतर सर्व गोष्टींहून मोठी, असा हिशेब मांडला जातो. प्रत्येक साखळीला तो एक टक्का आपोआप मिळत नाही. एखाद्या टप्प्याला नीट उत्तर मिळाले आणि त्याचे खंडन झाले नाही, तर तेथे शक्यता शून्य मानायला मी तयार असते. मात्र तुलना अजिबात न करणाऱ्या संघासाठी ती मी करीत नाही. ज्याने केली त्याचीच ग्राह्य धरते, ती मला व्यक्तिशः पटो वा न पटो.

पर्यायी योजना, म्हणजे 'काउंटरप्लॅन', मांडताना प्रतिकूल संघ म्हणतो की हेच काम अधिक चांगल्या मार्गाने करता येईल. उदाहरणार्थ, केंद्राऐवजी पन्नास राज्यांनी ते करावे. येथे परीक्षकाने एकच प्रश्न धरून ठेवावा: मूळ योजना आणि हा पर्याय दोन्ही एकत्र का करू नयेत? अनुकूल संघाच्या या उत्तराला 'पर्म' म्हणतात. एकत्र करणे अशक्य आहे किंवा एकत्र केल्यास तोटा आहे, यांपैकी काही सिद्ध झाले नाही, तर तो पर्याय मूळ योजना नाकारण्याचे कारण ठरत नाही. एक किंवा दोन सशर्त पर्याय मांडून नंतर मागे घेणे मला मान्य आहे. त्याहून अधिक झाल्यास अनुकूल संघाची तक्रार मी गांभीर्याने ऐकते, कारण तुटपुंज्या वेळात परस्परविरोधी भूमिकांना उत्तरे देणे खरोखर कठीण होते. प्रतिकूल संघाने आपल्या शेवटच्या भाषणापर्यंत टिकवून धरलेला पर्याय फसला, तर परीक्षकाने स्वतःच तो बाजूला सारून आजच्या परिस्थितीशी योजनेची तुलना करावी का, यावर परीक्षकांत मतभेद आहेत. फेरीत तशी विनंती वेळेवर झाली नसेल, तर मी तसे करीत नाही.

ठरावाच्या शब्दांविषयीचा वाद

'टॉपिकॅलिटी', म्हणजे योजना ठरावात बसते की नाही, हा प्रश्न मी इतर सर्वांच्या आधी सोडवते, कारण योजना ठरावाबाहेरची ठरली तर तिचे फायदे मोजण्यात अर्थ उरत नाही. २०२४-२५ च्या ठरावात कॉपीराइट, पेटंट किंवा ट्रेडमार्क यांतील देशांतर्गत बौद्धिक संपदा हक्कांचे संरक्षण लक्षणीयरीत्या बळकट करावे, असे म्हटले होते. समजा, पेटंट देण्याचे निकष कडक करून मोजकी पण न्यायालयात टिकणारी पेटंटे द्यावीत, अशी योजना आली. हे बळकट करणे की आकुंचित करणे? दोन्ही अर्थांना आधार आहे, म्हणून शब्दकोश पुरत नाही. कोणत्या अर्थाने वर्षभराचा वाद अधिक न्याय्य आणि अधिक शिकवणारा होईल, हे दोन्ही संघांनी सांगायचे असते. काही परीक्षक दोन अर्थांपैकी चांगला तो निवडतात, तर काही अनुकूल संघाचा अर्थ वाजवी असला की समाधान मानतात. कोणी काहीच न सांगितल्यास मी पहिल्या पद्धतीने जाते. "वाजवी आहे" असे म्हणणाऱ्याने वाजवीपणाची सीमा कोठे, हे सांगितले तर दुसरीही स्वीकारते.

क्रिटीक आणि ठराव न मानणाऱ्या मांडण्या

'क्रिटीक' योजनेच्या परिणामांऐवजी तिच्यामागच्या गृहीतकांवर, भाषेवर किंवा विचारचौकटीवर आक्षेप घेते. काही अनुकूल संघ तर योजनाच मांडत नाहीत. वंश, ओळख आणि या स्पर्धाविश्वात कोणाला स्थान आहे, असे प्रश्न ते उभे करतात. पालक-परीक्षकांना हे पाहून धक्का बसतो आणि हा नियमभंग आहे असे वाटते. तसे समजू नये. २०१३ साली एम्पोरिया स्टेट विद्यापीठाचा संघ अशाच प्रकारची मांडणी करीत सीडा आणि नॅशनल डिबेट टूर्नामेंट या दोन्ही राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धा एकाच हंगामात जिंकला. या मांडण्या किमान एक तपाहून अधिक काळ या क्षेत्राच्या मुख्य प्रवाहात आहेत.

अशा फेरीत प्रतिकूल संघ बहुधा म्हणतो की ठरावाला धरून न बोलल्यामुळे तयारी अशक्य होते आणि वाद एकतर्फी ठरतो. अनुकूल संघ म्हणतो की ती चौकटच काही आवाजांना बाहेर ठेवते. दोन्ही बाजूंनी मी निकाल दिले आहेत. माझी अपेक्षा एवढीच, की आपल्या दृष्टीने वाद कशासाठी असतो आणि मी त्या संघाला मत दिल्याने नेमके काय साधते, हे संघाने साध्या शब्दांत सांगावे. क्रिटीकने सुचवलेला पर्याय मला शेवटच्या भाषणानंतरही दोन वाक्यांत सांगता आला नाही, तर त्याने काही सुटते असे मी धरत नाही. गहन लेखकांची नावे घेतल्याने ही उणीव भरून निघत नाही.

उलटतपासणीत दिलेले उत्तर बंधनकारक असते, मात्र त्याचा लाभ घ्यायचा असेल तर ते पुढील भाषणात आले पाहिजे.

निकाल लिहिताना

शेवटचे भाषण संपल्यावर संघाचे नाव मनात आणू नये. प्रथम दोन्ही संघांच्या शेवटच्या भाषणांची टिपणे वाचून, कोणत्या दोन-तीन प्रश्नांवर वाद येऊन ठेपला आहे ते लिहावे. मग प्रत्येक प्रश्नाखाली कोणी काय म्हटले ते रकान्यांतून उतरवून काढावे. यानंतर मी एक गोष्ट करते, जिचा मला सर्वाधिक उपयोग झाला आहे: जो संघ हरतो आहे असे वाटते, त्याच्या बाजूने निकालाची चार वाक्ये लिहून पाहते. ती लिहिताना मला त्यांनी न बोललेले काही जोडावे लागले, तर माझा पहिला अंदाज बरोबर होता. जोडावे लागले नाही, तर मी पुन्हा पहिल्या कागदापासून सुरुवात करते. सगळेच समसमान राहिले तर निर्णय प्रतिकूल संघाकडे जातो, कारण बदल सुचवणाऱ्याने तो सिद्ध करायचा असतो. परंतु प्रतिकूल संघाने पर्यायी योजना मांडली असेल आणि ती मूळ योजनेहून मोठा बदल करीत असेल, तर हा लाभ अनुकूल संघाला मिळावा, असे मी मानते.

वक्त्यांचे गुण ३० पैकी देतात आणि व्यवहारात बहुतेक गुण २७ ते २९.५ यांच्यामध्ये पडतात. सरासरी वक्त्याला २० दिले, तर त्या मुलाची संपूर्ण स्पर्धा बिघडते, म्हणून हे प्रमाण माहीत करून घेतल्याशिवाय गुण भरू नयेत. मी निवड, तुलना आणि उलटतपासणीतील चातुर्य यांना गुण देते. उच्चाराची ढब, कपडे, शाळेचे नाव किंवा आवाजाची पट्टी यांना देत नाही. मुलींचा ठामपणा उद्धटपणा म्हणून आणि मुलांचा तोच ठामपणा आत्मविश्वास म्हणून नोंदवला जात नाही ना, हे मी प्रत्येक वेळी तपासते. जिंकलेल्या संघाला कमी आणि हरलेल्याला अधिक गुण देणे शक्य आहे आणि कधी कधी तेच योग्य असते.

बाद फेऱ्यांत तीन किंवा अधिक परीक्षक बसतात. तेथे मत नोंदवण्यापूर्वी आपापसात काहीही बोलू नये. निकाल तोंडी सांगायचा असेल, तर आधी विजेता सांगावा आणि मग कारणे द्यावीत, कारण नाव कळेपर्यंत मुले कारणे ऐकूच शकत नाहीत. हरलेल्या संघाने प्रश्न विचारले तर कागद समोर ठेवून, भाषणाचे नाव घेऊन उत्तर द्यावे. लेखी अभिप्राय त्या प्रशिक्षकासाठीही असतो जो खोलीत नव्हता. म्हणून "छान बोललात" याऐवजी ब्लॉकमधील कोणत्या उत्तराला वन-ए-आरने काय म्हणायला हवे होते, ते लिहावे, आणि स्पर्धा संपेपर्यंत आपले फ्लो जपून ठेवावेत.